ठोकळा पडतो तेव्हा हात कुठे असतो?

उन्हाळ्यात गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत पेरणीयंत्रे, कोळपी आणि ट्रॉल्या दुरुस्तीला आलेल्या असतात. त्या गर्दीत कधी एखादे वेगळेच काम दिसते. दोन लोखंडी चॅनेल समोरासमोर उभे केलेले, त्यांच्यामधून खालीवर सरकणारा जड ठोकळा आणि मागच्या बाजूला ट्रॅक्टरच्या लिफ्टला जोडण्यासाठी तीन पिना. कुंपणाचे खांब जमिनीत ठोकण्याचे हे घरगुती यंत्र. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायचे तर कुंपण लागते. एका एकराच्या चौकोनी शेताचा घेर अडीचशे मीटरच्या वर जातो आणि तीन मीटरवर एक खांब धरला तरी सुमारे ८५ खांब होतात. तेवढे खड्डे पहारीने खणायला माणसे मिळणे सोपे नाही. मग भंगारातले लोखंड आणि वेल्डिंगवाल्याचे कसब कामी येते.

यंत्राचे विज्ञान शाळेत शिकलेलेच आहे. २०० किलोचा ठोकळा सव्वा मीटरवरून पडला तर खांबाच्या डोक्यावर पोचताना त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असतो. त्याच्यातली ऊर्जा साधारण २,४५० ज्यूल. ताकदीच्या माणसाने पाच किलोचा घण जोरात हाणला तर २०० ज्यूलच्या आसपास मिळतात. म्हणजे फरक बारा पटींचा, पण खरा फरक त्याहून मोठा आहे. हलकी वस्तू जड वस्तूवर आदळली की बरीचशी ऊर्जा आवाजात, उष्णतेत आणि लोखंड चेपण्यात जाते. खांब दहा किलोचा असेल तर पाच किलोच्या घणाची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा खांब खाली ढकलण्याच्या कामी येते, तर २०० किलोच्या ठोकळ्याची ९५ टक्के. एका ठोक्याचा हिशेब असा ३५ पटींवर जातो. त्या ठोक्याने खांब पाच सेंटिमीटर खाली गेला, तर त्याच्यावर क्षणभर सरासरी साडेचार टनांहून अधिक भार आलेला असतो.

म्हणूनच ठोकळा जड ठेवावा आणि उंची कमी. ही गोष्ट जेम्स नॅस्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत सगळ्यांदेखत दाखवली होती. त्याच्या वाफेच्या यंत्रात चार टनांचा ठोकळा थोड्याच उंचीवरून, पण मिनिटाला ८० वेळा पडत असे. शेजारी जुन्या पद्धतीने, हलके वजन खूप उंचावरून सोडून, तसाच खांब ठोकणे चालू होते. नॅस्मिथच्या आत्मचरित्रानुसार त्याचा खांब साडेचार मिनिटांत गेला, दुसऱ्याला बारा तास लागले.

घरगुती यंत्र पहिल्याच दिवशी नाराज करते ते बहुधा तेलामुळे. हायड्रॉलिक सिलिंडर ठोकळा उचलतो. सोडताना मात्र सिलिंडरमधले तेल तितक्याच झपाट्याने टाकीत परत गेले पाहिजे. होज पाइप बारीक असेल तर तेलच ब्रेकचे काम करते आणि ठोकळा पडण्याऐवजी सावकाश उतरतो. वजन वाढवून हा दोष जात नाही, पाइप आणि व्हॉल्व्हची वाट रुंद करावी लागते.

पण यंत्र उत्तम पडू लागले की खरा प्रश्न सुरू होतो. खांब धरायचा कोणी?

साधारणपणे एक जण ट्रॅक्टरजवळ लिव्हरवर असतो आणि दुसरा खांब हाताने सरळ धरतो. सव्वा मीटर पडायला ठोकळ्याला अर्धा सेकंद लागतो. डोळ्याने पाहून हात हलवायला सुरुवात होईपर्यंतच त्यातला सुमारे पाव सेकंद गेलेला असतो. उरलेल्या वेळात हात बाहेर येईलच असे नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या आवाजात ‘थांब’ आणि ‘सोड’ यांत फारसे अंतर उरत नाही.

यावर उपाय वेल्डिंगच्या दुकानातच होतात आणि ते स्वस्त असतात. खांब धरायला लांब दांड्याचा चिमटा किंवा यंत्रालाच जोडलेली पकड. खांबाच्या डोक्यावर बसणारी लोखंडी टोपी, म्हणजे खांब निसटत नाही आणि त्याचा माथा फुटून लोखंडाची कपची डोळ्यात उडत नाही. हात काढताच आपोआप मध्यावर येणारा लिव्हर. ठोकळा वर असताना चॅनेलच्या आरपार जाणारी जाड पिन, कारण फक्त तेलाच्या भरवशावर लटकलेल्या वजनाखाली हात घालणे म्हणजे एका होज पाइपवर बोटे गहाण टाकणे. शक्य असेल तर लिव्हर आणि पकड एकाच माणसाकडे असावी. मग इशाऱ्यांचा घोळच राहत नाही.

दुसरा धोका दिसत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचा दाब दीडशे बारच्या घरात असतो. पाइपला सुईएवढे छिद्र पडले तर तिथून निघणारी चिळकांडी कातडीत शिरते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि इथेच माणूस फसतो. आत पसरलेले तेल स्नायू आणि रक्तवाहिन्या निकामी करत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. गळती शोधायची ती पुठ्ठा धरून, बोटाने चाचपून नव्हे. आणि ठिपका उठलाच तर मलम लावून वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कानांचे तर कोणी मनावरच घेत नाही. लोखंडावर लोखंड आदळल्याचा दणका ऐकण्याच्या पेशींना इजा करतो आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कानावर मफ लावावेत. टोपीत जाड रबर किंवा लाकडाचा तुकडा बसवला तर थोडी ऊर्जा जाते, पण आवाज उतरतो.

सिमेंटचे खांब या यंत्राखाली घेऊ नयेत. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि ठोक्याची लाट खांबाच्या खालच्या टोकावरून परतताना ताण होऊन येऊ शकते. खांबाला आडवे तडे जातात. उभारलेला सांगाडा विजेच्या तारांखाली नेऊ नये. शेतातली पाइपलाइन कुठून गेली आहे हे आठवणारे घरातले मोठे माणूस त्या दिवशी बांधावर हजर असावे.

राहिली जमीन. खणलेल्या खड्ड्यातली माती सैल होते. ठोकलेला खांब मात्र माती बाजूला दाबतो आणि तीच माती त्याला आवळून धरते. मे महिन्यातली काळी माती दगडासारखी घट्ट असते, भेगाळलेली असते आणि तिच्यात बारीक अँगल वाकतात. भर पावसात ट्रॅक्टरच रुततो. पाऊस उघडून वापसा आला की खांब कमी ठोक्यांत जातो, आणि जितके ठोके कमी तितक्या वेळा हात त्या चॅनेलजवळ न्यावा लागत नाही.