वांद्र्याचं नेव्हिल डिसूझा मैदान

कुठे : वांद्रे रेक्लमेशन, म्हणजे समुद्रात भराव घालून तयार केलेली जमीन. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे सामने इथे होतात.

नाव कोणाचं : मूळ गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेले नेव्हिल डिसूझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. डिसूझा यांचे एकूण गोल ४. सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी ते एक.

मैदान कसं : कृत्रिम हिरवळीचं. अशा हिरवळीत प्लास्टिकच्या पात्यांच्या मुळाशी काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले असतात. खेळ संपल्यावर बूट झटकला की ते खाली सांडतात. पावसाचं पाणी खालच्या थरांतून निचरून जातं, म्हणून मातीच्या मैदानांवर चिखल झाला तरी इथे खेळता येतं. भर उन्हात मात्र ही हिरवळ चांगलीच तापते.

गोलपोस्ट : रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर.

आवर्जून करा : मुलांना इथे सामना पाहायला न्याल, तेव्हा मेलबर्नच्या त्या हॅट्ट्रिकची गोष्ट त्यांना जरूर सांगा. मुंबईच्या या खेळाडूची ओळख प्रत्येक मुलाला असायलाच हवी.