मेंदूचा डॉक्टर, पण दुखणं पिंढरीत

अहिल्यानगर जिल्ह्यात कोल्हारकडे कुणाच्या हातापायातलं बळ गेलं की पहिलं निदान ओट्यावरच होतं: वारं गेलं. अर्धांगवायूत बिघाड मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असतो आणि सहसा एकच बाजू लुळी पडते. दोन्ही मांड्या सारख्याच थकत चालल्या, संध्याकाळ झाली की पापणी खाली येऊ लागली, तर ते वारं नव्हे.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे वेडाचा किंवा डोक्याच्या ऑपरेशनचा डॉक्टर, हा समजही तसाच. पहिलं काम मानसोपचारतज्ज्ञाचं, दुसरं न्यूरोसर्जनचं. न्यूरॉलॉजिस्टांमधल्या न्यूरोमस्क्युलर तज्ज्ञाचा मुलूख मज्जारज्जूतल्या चेतापेशींपासून सुरू होतो: तिथून उतरणाऱ्या नसा, नस स्नायूला भेटते ती जागा आणि खुद्द स्नायू. यातलं नेमकं काय बिघडलं, हे शोधायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची 3, डीएमची 3 आणि पुढे फेलोशिप. नसांची ‘शॉकची तपासणी’ हा उपचार नव्हे. बिघाडाची जागा हुडकण्याचं ते साधन.

पोराच्या पिंढऱ्या भरल्यात म्हणून घरचे खूश असतात. डुशेन या स्नायूंच्या आजारात पिंढरी फुगते ती चरबी आणि तंतूंनी. चार-पाच वर्षांचं मूल जमिनीवरून उठताना आधी ओणवं होतं, मग गुडघ्यावर, मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. रक्तात एसजीपीटी हे एन्झाइम वाढलेलं दिसतं आणि काविळीची औषधं सुरू होतात. पण तेच एन्झाइम स्नायूतूनही झिरपतं. सीपीके ही साधी तपासणी केली की उलगडा होतो. दोष आईच्या माथी मारायचीही घाई असते. यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांत जनुकीय बदल नव्यानेच झालेला असतो.

डॉक्टर समाज, गाव, नात्यातलं लग्न विचारतात तो भोचकपणा नव्हे. अगरवाल समाजातल्या कंबर-खांद्याच्या स्नायूविकारामागे कॅल्पेन-3 जनुकातले पिढीजात बदल आहेत, हे दाखवणाऱ्या 2013 च्या अभ्यासात मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. सतीश खाडिलकर होते.

‘नसा-स्नायूंच्या आजारांवर औषधच नाही’ हे तर अर्धसत्यही नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा लोक एकमेकांना बिचकू लागले. जीबीएस माणसापासून माणसाला होत नाही. जुलाबासारख्या संसर्गानंतर प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार वेळेत मिळाला, तर बहुतेक जण पुन्हा चालतात.

उसाच्या पट्ट्यात याहून घातक समज एकच: साप असता तर सुजलं असतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, ठणका नाही, दाताची खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या उघडत नाहीत, घोट गिळवत नाही. विष नस आणि स्नायूच्या सांध्यावरच घाव घालतं. माणूस शुद्धीवर असतानाच श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. इथे न्यूरॉलॉजिस्टची वाट बघायची नाही, मांत्रिकाची तर नाहीच. 108 ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने लोणीचं प्रवरा रुग्णालय गाठायचं.