मांडीवरचे लेकरू आणि विमानप्रवास

आपली शिकलेली मुले आज नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. तान्ह्या लेकरांसह विमानाने फिरणाऱ्या त्या आईबापांना आम्हाला चार शब्द सांगावयाचे आहेत.

तेथे दोन वर्षांखालील मूल मांडीवर चालते, वेगळे तिकीट लागत नाही. पण जोराच्या हादऱ्यात आईची मिठी टिकत नाही. १९ जुलै १९८९ रोजी आयोवा राज्यात सू सिटी येथे विमान कोसळले. मांडीवरच्या चार मुलांना नियमानुसार खाली जमिनीवर ठेवायला लावले होते. त्यांतले एक दगावले. विमानसेविका जॅन ब्राऊन यांनी पुढे मुलांच्या स्वतंत्र आसनासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सक्ती मात्र झाली नाही. तिकिटाच्या खर्चापायी कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त बळी जातील, असे सरकारचे म्हणणे पडले.

तेव्हा निर्णय आईबापांनीच घ्यावयाचा. ऐपत असल्यास मुलाचे तिकीट काढून कार सीट सोबत न्यावी. विमानात वापरण्यास मान्यता असल्याचा लाल अक्षरांतील मजकूर तिच्यावर पाहावा. ती खिडकीशी बांधावी, म्हणजे कोणाची वाट अडत नाही. नुसते उंचीसाठीचे बूस्टर विमानात चालत नाही.

ऐपत नसल्यास कमी गर्दीचे विमान निवडावे आणि शेजारची जागा रिकामी असेल तर कार सीट लावू द्याल का, असे विचारावे. विचारण्यात कसला कमीपणा?