सागाचा तेलकटपणा आणि प्लाझ्माचा उतारा
फर्निचर करणारा मिस्त्री काळेवाडीतला असो वा बल्लारशाचा, सागाबद्दल त्याचे मत एकच: लाकूड देखणे, वाळवीला दाद न देणारे, पण सरस आणि पॉलिश धरायला नाठाळ.

या दोन्ही गुणांचे मूळ एकच आहे. सागात तेलकट, मेणचट द्रव्ये असतात. त्यांच्यामुळेच वाळवी आणि बुरशी लांब राहतात. मात्र रंधा मारलेली फळी काही दिवस पडून राहिली, की ही द्रव्ये पृष्ठभागावर येतात. अशा फळीवर टाकलेला पाण्याचा थेंब पसरत नाही, मण्यासारखा फुगून बसतो. पाणी जिथे पसरत नाही, तिथे पाण्यात कालवलेला सरसही नीट पसरत नाही. म्हणूनच जाणता मिस्त्री सांधा जोडण्याआधी पुन्हा पॉलिश पेपर फिरवतो.

हे काम वीजही करू शकते. दोन विद्युतअग्रांपैकी एकावर काच किंवा सिरॅमिकचे आवरण चढवायचे, मध्ये काही मिलिमीटर हवा ठेवायची आणि हजारो व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्यायचा. आवरणामुळे मोठी ठिणगी पडत नाही. फटीत जांभळट प्रकाश पसरतो. हा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांनी भरलेला वायू. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी 1857 मध्ये ओझोन तयार करण्यासाठी अशीच रचना वापरली होती. यातले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगवान असतात, पण वायू फारसा तापत नाही. त्यामुळे लाकूड करपत नाही.

हवेतला ऑक्सिजन मात्र फुटून कमालीचा क्रियाशील होतो आणि पृष्ठभागाशी संयोग पावतो. तिथे पाण्याशी सलगी करणारे रासायनिक गट तयार होतात. काही सेकंदांत तोच थेंब पसरू लागतो. बदल होतो तो जेमतेम काही नॅनोमीटर खोलीपर्यंत. रंग आणि रेषा जशाच्या तशा. प्लाझ्मात सिलिकॉनयुक्त वाफ सोडली तर उलट परिणामही साधतो, म्हणजे पाणी झटकणारा पातळ थर बसतो. जर्मनीत गटिंगेनला यावर बरेच संशोधन झाले आहे.

चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगाला ही कल्पना परकी नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बंपरवर रंग टिकावा म्हणून आधी ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवण्याची पद्धत रूढ आहे. लाकडाचे गणित अवघड आहे. प्रत्येक फळी वेगळी, यंत्र महाग, आणि परिणाम काही दिवसांत ओसरतो. शिवाय आतली ओल किंवा चीर प्लाझ्माने सुधारत नाही.

हे तंत्र मिस्त्रीच्या आवाक्यात येईतोवर घरी सागाचे काम काढलेत, तर पॉलिशआधी फळीवर एक थेंब टाकून पाहा. तो बसून राहिला, तर पुन्हा घासून घ्या आणि त्याच दिवशी हात मारा.