हिमाला म्हणजे हिमालय नव्हे

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो. आज विषय एकदम वेगळा आहे. आज सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि तेही फिलिपिन्स देशाच्या जुन्या सिनेमाबद्दल. भाकरी थापता थापता ऐकणारी एखादी म्हणेल, ताई, त्याचं आपल्याला काय करायचंय? थोडं ऐका, मग ठरवा.

फिलिपिन्स म्हणजे आपल्या पूर्वेला, समुद्रापलीकडचा सात हजारांहून जास्त बेटांचा देश. राजधानी मनिला. भात, नारळ, मासळी आणि दरवर्षीची वादळं. तीनशेहून जास्त वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं, मग अमेरिकेचं आलं. १९४६ साली, म्हणजे आपल्या एक वर्ष आधी, देश स्वतंत्र झाला. टागालोग ही तिथली मोठी भाषा. ती आपल्याला कळत नाही, पण कान देऊन ऐकलं तर मधेच ओळखीचा शब्द येतो. चेहऱ्याला ते ‘मुखा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरो’, आशेला ‘आसा’. गरीब माणसाला ‘दुखा’ म्हणतात, आणि तो आपला दुःख हाच शब्द आहे. संस्कृतातले शब्द फार जुन्या काळी व्यापाराच्या वाटेनं तिकडं गेले. साबणाला तिथं ‘साबोन’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांनी आणला, त्यांच्याकडे स्पॅनिश लोकांनी.

आता सिनेमा. पहिला सांगते तो ‘हिमाला’. नाव ऐकून आमच्या गटातल्या सगळ्यांना हिमालय आठवला. पण टागालोगमध्ये हिमाला म्हणजे चमत्कार. १९८२ साली इश्माएल बेर्नाल या दिग्दर्शकानं हा सिनेमा केला, कथा रिकी ली यांची. कुपांग नावाचं गाव आहे, पाऊस नाही, जमीन भेगाळलेली. खग्रास ग्रहणाच्या वेळी एल्सा नावाच्या साध्या मुलीला टेकडीवर मेरीमातेचं दर्शन होतं. निदान ती तसं सांगते. मग ती आजाऱ्यांच्या अंगावर हात ठेवू लागते आणि लोक बरे झाल्याचं सांगू लागतात. बघता बघता गावात गाड्या येतात, दुकानं लागतात, मुक्कामाची सोय होते, बाटलीतून पाणी विकलं जातं. ज्या गावात खायला नव्हतं तिथं पैसा खेळू लागतो. आता मला सांगा, यातलं काय आपण पाहिलेलं नाही? अंगात येणाऱ्या बाईच्या दारात लागणारी रांग पाहिली आहे, त्या रांगेवर पोट भरणारी माणसंही पाहिली आहेत. या सिनेमाचं मोठेपण हे की तो एल्सेची टिंगल करत नाही. गावाला चमत्काराची भूक का लागते, ते तो दाखवतो. आणि त्या भुकेची किंमत शेवटी कोण देतं, तेही दाखवतो. शेवट मी सांगणार नाही. हजारो लोक उन्हात जमलेत, एल्सा बोलायला उभी राहते, एवढंच सांगते.

एल्सेचं काम केलं नोरा औनोर हिनं. तिची गोष्ट सिनेमाइतकीच ऐकण्यासारखी आहे. लहानपणी ही मुलगी रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना पाणी विकायची. गाण्याच्या स्पर्धेतून पुढं आली. त्या काळी तिथल्या पडद्यावर गोऱ्या, उंच, युरोपी नाकाडोळ्यांच्या नट्याच चालायच्या. ही सावळी, बुटकी, मोठ्या डोळ्यांची. कारखान्यातल्या आणि घरकाम करणाऱ्या मुलींनी तिला डोक्यावर घेतलं. २०२२ साली देशानं तिला ‘राष्ट्रीय कलावंत’ म्हणून गौरवलं. एप्रिल २०२५ मध्ये ती गेली. आपल्याकडे मुलीचा रंग बघून स्थळं अजून नाकारली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दुसरा सिनेमा जड आहे. लहान मुलांना बाजूला ठेवून बघायचा. ‘इन्स्यांग’, १९७६ सालचा, दिग्दर्शक लिनो ब्रोका. त्या वेळी फिलिपिन्समध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला होता. देश किती छान चाललाय हेच सगळीकडे दाखवायचं होतं, आणि ब्रोका कॅमेरा घेऊन मनिलाच्या तोंदो झोपडपट्टीत शिरले. इन्स्यांग ही तरुण मुलगी, आई तोन्या. बाप दुसरीबरोबर निघून गेलेला. तोन्या आपल्यापेक्षा लहान वयाचा एक पुरुष घरात आणते. तो कत्तलखान्यात कामाला असतो. एके रात्री तो इन्स्यांगवर बळजबरी करतो. मुलगी आईला सांगते, आणि आई शेवटी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. दोष मुलीचा ठरतो. पुढं मुलगी जे करते त्याला सूड म्हणायचं की आणखी काही, यावर आमचं एकमत झालेलं नाही.

मासिक बैठक संपल्यावर आम्ही चौदाजणींनी हा सिनेमा एका खोलीत बसून पाहिला. संपल्यावर बराच वेळ कुणी उठेना. मग एक वयस्क मावशी म्हणाल्या, “त्या आईला नुसती वाईट म्हणू नका. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला घरात पुरुष असला की वस्तीत मान राहतो, हे तिला ठाऊक आहे.” लगेच एक तरुण सून म्हणाली, “मान राहिला, पण पोरगी गेली त्याचं काय?” बैठकीत बचतीचे आकडे बोलताना असं कुणी कुणाशी बोलत नाही. मला वाटतं, गोष्ट दूरच्या देशातली होती म्हणून बोलता आलं. आपल्या गावातलं नाव घेऊन हेच बोलायचं म्हटलं तर कुणाचं तोंड उघडलं नसतं. त्या दिवशी आम्ही मुलांसाठीचा १०९८ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहिले. ते अजून आहेत.

इन्स्यांगचं काम करणारी हिल्डा कोरोनेल आणि आईचं काम करणारी मोना लिसा, दोघीही विसरता येत नाहीत. १९७८ साली हा सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. तिथं पोचलेला तो पहिला फिलिपिनी सिनेमा.

ब्रोकांचाच १९७५ चा आणखी एक आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘उजेडाच्या नखांत सापडलेली मनिला’ असा होतो. खेड्यातल्या मुलीला शहरात काम आणि शिक्षण देते म्हणून एक बाई घेऊन जाते, आणि मुलीचा पत्ता लागत नाही. तिला शोधायला आलेला कोळ्याचा पोरगा बांधकामावर राबतो. तिथं मजुरी कागदावर एक आणि हातात दुसरीच पडते, आणि सही मात्र कागदावरच्या आकड्यापुढे करावी लागते. ऊसतोडीची उचल घेतलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, इतके जुने, इतक्या लांबचे सिनेमे आपल्यापर्यंत आले कसे? खरं तर ते येण्याच्या आधीच नाहीसे व्हायच्या वाटेवर होते. सिनेमाची फीत ही लोणच्यासारखी असते, ठेवणीला जरा कसूर झाली की बिघडते. उष्ण, दमट हवेत ती आंबते, आकसते, तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो. एकदा वास सुटला की ती पूर्ववत होत नाही. फिलिपिन्समधला पहिला देशी सिनेमा १९१९ चा, होसे नेपोमुसेनो यांचा ‘दालागांग बुकिद’, म्हणजे शेतावरची तरुणी. आज त्याची एकही प्रत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीचे सिनेमे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. सरकारी संग्रहालय ऐंशीच्या दशकात सुरू झालं, सरकार बदलल्यावर बंद पडलं, आणि २०११ मध्ये पुन्हा उभं राहिलं. हसू नका. पुण्यात २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि आपल्याही कितीतरी जुन्या फिती जळाल्या.

मधल्या काळात हे सिनेमे जगले ते लोकांच्या घरातल्या कपाटांत. टीव्हीवर लागलेला सिनेमा कुणी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवला. त्या कॅसेटवरून सीडी झाली, सीडीवरून आणखी सीडी. प्रत्येक उतरवणीत चित्र पुसट, आवाज घोगरा. तरी काही सिनेमांची तेवढीच खूण शिल्लक होती. मूळ निगेटिव्ह मात्र काहींची परदेशात सुखरूप राहिली. ब्रोकांच्या मनिलाच्या सिनेमाची लंडनच्या संग्रहात होती, म्हणून २०१३ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या प्रयोगशाळेत तो नवा करता आला. २०१५ मध्ये ‘इन्स्यांग’ झाला. ‘हिमाला’ त्याआधीच, २०१२ मध्ये, फिलिपिन्समधल्याच एबीएस-सीबीएन या टीव्ही कंपनीच्या संग्रहानं दुरुस्त केला. या कंपनीनं असे दोनशेच्या आसपास सिनेमे वाचवले. त्यासाठी प्रत्येक चित्रावरचा ओरखडा, डाग, बुरशी काढावी लागते, आणि एका सेकंदात अशी २४ चित्रं असतात. आपण गोधडीला टाके घालतो ना, तसं काम, फक्त काही लाख टाक्यांचं.

याच बोलोन्याच्या प्रयोगशाळेचा हात आपल्या ‘मंथन’लाही लागला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून केलेला, आपल्या स्मिता पाटीलचा सिनेमा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त करून घेतला आणि मे २०२४ मध्ये कानला जुन्या सिनेमांच्या विभागात दाखवला. त्याच वर्षी, त्याच विभागात ब्रोका आणि नोरा औनोर यांचा १९८० चा ‘बोना’ लागला. बऱ्या घरातली एक मुलगी किरकोळ कामं करणाऱ्या एका नटावर इतकी भाळते की घर सोडून त्याच्या झोपडीत जाऊन त्याची मोलकरीण होते. पाणी भरते, अंघोळीचं पाणी तापवते, त्याच्या दुसऱ्या बायका सहन करते. शेवटी ते तापवलेलं पाणी कुठं जातं, ते बघाच. आमच्याकडे तो भाग दोनदा लावायला लागला.

एक गोष्ट राहिलीच, आणि ती आपल्या कामाची आहे. या सगळ्याच्या खूप आधी, १९३८ साली, एलव्हीएन नावाची सिनेमा कंपनी निघाली. तीन घराण्यांच्या नावांची ती आद्याक्षरं. तिची सूत्रं होती नार्सिसा दे लेओन या बाईंच्या हातात. लोक त्यांना दोन्या सिसांग म्हणत, म्हणजे आपण ‘आक्कासाहेब’ म्हणू तसं. जन्म १८७७ चा. म्हणजे साठी उलटल्यावर बाईंनी सिनेमाचा धंदा हातात घेतला. लोकगीतं, लोकनृत्यं, राजाराणीच्या गोष्टी, असं साध्या माणसाला आवडेल ते काढायचं, हे त्यांचं धोरण. आपल्या गटात पन्नाशीची बाई कर्जाच्या अर्जावर अंगठा देताना म्हणते, आता माझं काय वय राहिलंय. तिला दोन्या सिसांगचं सांगा. त्यांचाच नातू माइक दे लेओन पुढं मोठा दिग्दर्शक झाला. ‘उजेडाच्या नखांत’ या सिनेमाचा कॅमेरा त्यांचाच. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी आजीच्या कंपनीचे जुने सिनेमे व्हिमिओ या संकेतस्थळावर लोकांसाठी मोफत ठेवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेही गेले.

आता बघायचं कसं. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीनं ‘इन्स्यांग’ आणि मनिलाचा सिनेमा सुरेख डिस्कवर काढलेत, पण कुणाचा मुंबईचा भाचा मागवून देतो म्हणाला तर थांबा. ब्लू-रे डिस्कला देशांप्रमाणे भाग पाडलेले असतात. अमेरिकेचा भाग वेगळा, भारताचा वेगळा. तिकडची डिस्क इकडच्या यंत्रात बहुधा चालत नाही, आणि किंमत तर महिन्याच्या बचतीपेक्षा जास्त. त्याच कंपनीची ऑनलाइन सेवाही फक्त अमेरिका आणि कॅनडात आहे. इंटरनेट एकच असलं तरी सिनेमाचे हक्क देशादेशांत वाटलेले असतात. आपल्याकडे मुबी नावाची सेवा जगभरचे जुने सिनेमे दाखवते, पण तिथली यादी बदलत राहते, म्हणून पैसे भरायच्या आधी हवा तो सिनेमा आत्ता आहे का ते शोधून बघा. यूट्यूबवर एबीएस-सीबीएनच्या अधिकृत वाहिनीवर काही पूर्ण सिनेमे असतात. चित्र स्वच्छ असेल आणि खाली वाहिनीचं नाव खरं असेल तर समजायचं की योग्य जागी आलो. चारपाच तुकड्यांत कापलेली, उलटं चित्र केलेली प्रत कुणीतरी चोरून टाकलेली असते.

भाषेची अडचण आहे, नाही म्हणत नाही. खाली इंग्रजी ओळी येतात. यूट्यूबवर ओळी वेगळ्या दिलेल्या असतील तर सेटिंगमध्ये जाऊन त्या मराठीत करून मिळतात, पण ते मराठी कधी कधी फारच विनोदी असतं. आम्ही वेगळी रीत ठेवली आहे. गटात बारावीच्या पुढं शिकलेल्या तिघी आहेत. आदल्या दिवशी आम्ही सिनेमा बघून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी आळीपाळीनं पडद्यापाशी बसून मराठीत सांगत जातो. प्रत्येक वाक्य नाही सांगायचं. कोण कुणाला काय म्हणालं एवढं पुरतं, बाकीचं चेहरे सांगतात. मोबाइलला लहान स्पीकर आणि एखाद्या घरचा टीव्ही जोडला की झालं. घरगुती बसून बघणं वेगळं आणि गावात पडदा लावून तिकीट काढणं वेगळं. त्याला हक्कदाराची परवानगी लागते.

सुरुवात ‘हिमाला’पासून करा, दिवाळीनंतर कामं थोडी सैल झाली की. ‘इन्स्यांग’ दुसरा ठेवा, आणि तो दिवसा बघा, म्हणजे नंतर बोलायला वेळ उरेल. बाई दिग्दर्शिकेचा सिनेमा हवा असेल तर मारिलू दियाझ-अबाया यांचा १९८२ चा ‘मोराल’ आहे, चार मैत्रिणींचा. आणि ज्यांच्या घरातलं कुणी कामासाठी परदेशात आहे त्यांनी २००० सालचा ‘आनाक’ शोधा. आनाक म्हणजे लेकरू. हाँगकाँगला घरकाम करून परतलेली आई आणि तिला न ओळखणारी तिची मुलं.