खुन्याला कारण लागतं

१९६८च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तर उपनगरांत लोकांची झोप उडाली होती. झोपड्यांत, फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात कुणीतरी जड काहीतरी घालून पसार व्हायचं. चोरी म्हणावी तर हाती लागण्याजोगं फारसं काही नाही, वैर म्हणावं तर ओळखही नाही. ऑगस्टच्या अखेरीस सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी रमण राघवला पकडलं. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपास बघत होते. पठ्ठ्या काही केल्या तोंड उघडेना. तुला हवंय तरी काय, असं विचारल्यावर म्हणाला, कोंबडी. ती खाल्ली आणि मग एकेचाळीस खुनांची कबुली दिली.

पुढे दहा वर्षांनी जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ आला. मुखवटा घातलेला, न बोलणारा मायकल मायर्स सुरा घेऊन फिरतो. का फिरतो, ते त्याच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. स्लॅशर या जातीचा हा अस्सल नमुना. मुंबईतला सिनेमा मात्र असा विनाकारण खुनी पचवू शकला नाही. कोर्टकचेरीत आणि वर्तमानपत्रांत तो बघून झाला होता म्हणून असेल, पण पडद्यावर त्याला शाप, सूड, मंत्रतंत्र असं काहीतरी चिकटवावंच लागलं. माझ्या मते आपल्याकडच्या भयपटांची गंमत आणि त्यांचे आजचे वेडे चाहते, दोन्ही त्या चिकटवण्यातूनच आले.

रामसे बंधूंपासून सुरुवात करावी लागते. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) आपटला, पण भेसूर मुखवटा घालून चोरी करणारा पृथ्वीराज कपूर यायचा तेव्हा थिएटर जागं व्हायचं. भावांनी तेवढंच उचललं. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन साडेतीन लाखांच्या आसपास उरकला. कॅमेरा गंगूचा, दिग्दर्शन तुलसी-श्यामचं, कथा कुमारची. सगळा घरचाच कारखाना. ‘पुराना मंदिर’ (१९८४) तुफान चालला. त्यातला राक्षस सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रूडकीचा इंजिनिअर. उंची आणि चेहरा त्याचा स्वतःचाच, मेकअपवाल्याला निम्मी सुट्टी.

‘महाकाल’मध्ये तर त्यांनी ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’च उचलला. पंजाला चाकू लावलेला, स्वप्नात येणारा खुनी तोच. फक्त तो इथे मुलांचे बळी देणारा मांत्रिक झाला. मध्ये जॉनी लिव्हर मायकल जॅक्सन बनून धुमाकूळ घालतो. ते प्रसंग मला आजही कंटाळवाणे वाटतात, चाहत्यांना मात्र तेच तोंडपाठ!

हे चित्रपट बघण्याची जागाही महत्त्वाची. घाटकोपरचं ओडियन, बोरिवलीचं जया, अंधेरीचं नवरंग अशी एकपडदा थिएटरं होती. त्यात नाही जमलं तर भाड्याचा व्हीसीआर आणि बिल्डिंगमधली दहा-पंधरा पोरं. भीती वाटली की कुणीतरी मोठ्याने काहीतरी बोलायचं, सगळे हसायचे. एकट्याने बघायचा हा प्रकारच नव्हे. नंतर झी हॉरर शोने हीच सवय हॉलमधल्या टीव्हीपुढे आणून बसवली. पुढे परदेशी कंपन्यांनी रामसेंच्या डीव्हीडी काढल्या आणि इथे ज्यांना कुणी समीक्षक विचारत नव्हता, त्यांच्यावर पुस्तकं निघाली.

२००३मध्ये ‘धुंद’, ‘कुछ तो है’, ‘श्श्श...’ असे अमेरिकी कॉलेज-स्लॅशरचे तीन अवतार आले. त्यांचे चाहते मला अजून भेटायचेत.

मराठीत खुन्याला कारण चिकटवण्याचं काम एकट्या ‘झपाटलेला’ने (१९९३) केलं. मूळ ‘चाइल्ड्स प्ले’त खुन्याचा आत्मा लहान मुलाच्या खेळण्यात शिरतो. दिग्दर्शक महेश कोठारेंनी खेळण्याच्या जागी बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या लक्ष्याची बाहुली आणली, आणि सगळी मेख इथे आहे. अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला बघत वाढलेल्या प्रेक्षकाला बाहुलीने तोंड उघडून बोलण्यात नवल नव्हतंच. ती लक्ष्याचं ऐकेनाशी होते, यात होतं. बाहुली रामदास पाध्यांची, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. जबडा वरखाली होतो, मान एका झटक्यात वळते, डोळे मात्र तसेच. संगणकाने केलेल्या कुठल्याही भुताला हे जमलेलं नाही. मृत्युंजय मंत्र, तो देणारा बाबा चमत्कार आणि दोन भुवयांच्या मध्ये गोळी घातली तरच मरण, ही अट. कारण, उपाय, सगळं चोख.

म्हणूनच आज ही बाहुली, म्हणजे तात्या विंचू, मीममध्ये आहे, टी-शर्टवर आहे, आणि शाळेत न गेलेलं पोरसुद्धा ‘ओम फट् स्वाहा’ म्हणून हात पुढे करतं. २०१३चा ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. लोक गेले ते चष्म्यासाठी नव्हे, तात्यासाठी. रमण राघववरही दोन चित्रपट निघाले, श्रीराम राघवनचा आणि अनुराग कश्यपचा, दोन्ही बघण्यासारखे. त्याचा टी-शर्ट मात्र अजून कुणी घातलेला नाही.