आर्स गावचे धर्मगुरू

"फादर होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते का हो?" असा प्रश्न एका हिंदू पालकांनी मला शाळेत विचारला होता. परीक्षा द्यावी लागते, आणि ती सोपी नसते. पण धर्मगुरू होण्याची वाट परीक्षेपासून सुरू होत नाही. ती सुरू होते ज्याला आम्ही 'पाचारण' म्हणतो तेथून. देव आपल्याला या सेवेसाठी बोलावीत आहे अशी मनाची खात्री, ते पाचारण. मात्र स्वतःची खात्री एवढी पुरेशी नसते. धर्मसभेच्या वतीने बिशपांनी उमेदवाराला पारखून स्वीकारावे लागते. आतली हाक आणि बाहेरचा स्वीकार जुळले, तरच गुरुदीक्षा मिळते. हे दोन्ही जुळता जुळत नव्हते असा एक मनुष्य फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याची हकीकत सांगितली म्हणजे वरील प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

जाँ-मारी व्हियान्ने यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी लियाँ शहराजवळच्या दार्दिली गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे असताना राज्यक्रांती झाली. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देणाऱ्या धर्मगुरूंना लपूनछपून फिरावे लागे. १७९९ साली या मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद एका बंद घरात झाला. आतला मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. जिवावर उदार होऊन रात्री-अपरात्री येणारे फादर ज्याने लहानपणी पाहिले, त्याला आपणही तसेच व्हावे असे वाटले तर नवल नाही.

पण वडिलांना शेतावर हात हवे होते. एक्युली गावचे धर्मगुरू आबे बालेय यांच्याकडे शिकावयास जाण्याची परवानगी मिळेपर्यंत मुलगा वीस वर्षांचा झाला. शिक्षण जवळजवळ नव्हतेच, आणि पुढे उभी होती लॅटिन भाषा. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये, धर्मशास्त्राची पुस्तके लॅटिनमध्ये आणि परीक्षाही लॅटिनमध्येच. (आपल्याकडे मिस्सा मराठीत, कोंकणीत होऊ लागली ती १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर.) वयाने कितीतरी लहान असलेला लोरास नावाचा सहाध्यायी त्यांना शिकविता शिकविता इतका वैतागला की त्याने त्यांना मारले. व्हियान्ने यांनी उलट त्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागितली. हाच लोरास पुढे अमेरिकेत बिशप झाला.

१८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. धर्मविद्यार्थ्यांना सूट होती, पण यादीत त्यांचे नावच नव्हते. आजारपणामुळे तुकडी पुढे गेली, ते मागे राहिले आणि डोंगरातल्या ले नोए या खेड्यात खोटे नाव घेऊन वर्षाहून अधिक काळ लपून बसले. चरित्रकार हा प्रसंग सौम्य करून सांगतात. कायद्याने पाहिले तर ते पळून गेलेले सैनिक होते. त्या खेड्यात ते मुलांना अक्षरे शिकवीत. १८१० साली माफी जाहीर झाल्यावर ते परतले.

लियाँच्या सेमिनरीत ते १८१३ साली दाखल झाले. लॅटिनमधून विचारलेले प्रश्नच त्यांना कळेनात, तेव्हा त्यांना परत पाठविण्यात आले. मी शिक्षक आहे. अशी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही म्हणजे काय होते तेही पाहिले आहे. येथे बालेय उभे राहिले. त्यांनी शिष्याला फ्रेंचमधून धर्मशास्त्र शिकविले, वरिष्ठांकडे रदबदली केली आणि परीक्षा मातृभाषेत घेण्यास लावली. तिच्यात उत्तरे समाधानकारक आली. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे व्हियान्ने यांना गुरुदीक्षा मिळाली. तेथे ते एकटेच पायी चालत गेले होते. मात्र पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना लगेच दिला गेला नाही. तो मिळाला तेव्हा आपली पापे सांगावयास पहिले आले ते खुद्द बालेय!

१८१८ च्या फेब्रुवारीत त्यांची नेमणूक आर्स येथे झाली. वस्ती अवघी दोनशे तीस. धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, याचा अर्थ नुसते चर्च नव्हे. त्या हद्दीतील प्रत्येक जन्म, विवाह, आजार आणि मरण यांची जबाबदारी तेथल्या धर्मगुरूवर असते. आर्समध्ये लोक रविवारीही शेतात राबत आणि उरलेला वेळ गुत्त्यात घालवीत. व्हियान्ने घरोघर गेले. राहत्या घरातले चांगले सामान त्यांनी परत करून टाकले. एकदा उकडलेल्या बटाट्यांवर ते कित्येक दिवस काढीत. १८२४ साली त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली, आणि पुढे तिच्यात अनाथ मुलींनाही आसरा मिळाला. नाच-तमाशाबाबतची त्यांची करडी शिस्त मला आज पटत नाही, आणि गावातल्या काहींना तेव्हाही ती पटली नव्हती. पण जी बंधने ते लोकांवर घालीत त्याहून कठोर बंधने स्वतःवर घालीत, हेही लोकांना दिसत होते.

त्यांची कीर्ती झाली ती प्रवचनांमुळे नव्हे, पापनिवेदनामुळे. या संस्कारात मनुष्य आपली पापे धर्मगुरूजवळ उघड करतो, धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतो आणि देवाच्या नावाने क्षमा देतो. ऐकलेला एकही शब्द त्याला कोणत्याही कारणाने बाहेर सांगता येत नाही. दूरदूरचे लोक आर्सला येऊ लागले. उन्हाळ्यात व्हियान्ने सोळा-सोळा तास त्या अरुंद लाकडी पेटीत बसत. लॅटिनमध्ये अडखळलेल्या या मनुष्यापुढे विद्वान मंडळीही आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत राहत.

आणि याच मनुष्याला आपण या पदास लायक नाही असे जन्मभर वाटत राहिले. एखाद्या मठात जाऊन एकांतात प्रार्थना करावी म्हणून ते गावातून निघून जाऊ पाहत. १८४३ साली गेले आणि परत आले. १८५३ साली पुन्हा रात्री निघाले, तेव्हा कोणीतरी चर्चची घंटा वाजविली आणि जागे झालेले गाव त्यांना अडवावयास धावले. ते परत फिरले व पापनिवेदन ऐकावयास बसले.

४ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षे ते एकाच गावात होते. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले आणि १९२९ साली जगातील सर्व पॅरिश धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांच्याकडे स्वतःचे असे सामान फारसे नव्हतेच. हाती आलेले ते वाटून टाकीत. एक लहानसा आरसा मात्र त्यांनी कोणाला दिला नाही. तो बालेय यांचा होता. त्यात गुरूंचा चेहरा उमटत असे, म्हणून त्यांनी तो जपून ठेवला होता.